गति आणि ताप

आमच्या वरच्या वर्गांत अलीकडे एक नवी ईर्ष्या शिरली आहे. पूर्वीचे विद्यार्थी सायकलीच्या वेगाविषयीं, चेंडूच्या वेगाविषयीं, फार तर पाठांतराच्या वेगाविषयीं पैजा मारीत. आतांचे विद्यार्थी आपापल्या घरच्या संगणकाच्या वेगाविषयीं मारतात. कोणाचा प्रोसेसर किती गिगाहर्ट्झवर चालतो, आणि कारखान्यानें नेमून दिलेल्या मर्यादेच्या किती पुढें तो नेतां आला, याची मधल्या सुटींत मोठ्या गांभीर्यानें चर्चा चालते. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कित्येक पालकांस याची वार्ताही नसते. आणि ज्यांस असते, ते "हें खूळ तुम्हीं शाळेंतूनच बंद करा" अशी मला गळ घालतात. हे दोन्ही पक्ष मला चुकीचे वाटतात. माझें मत असें कीं, वेग वाढविण्याची हौस वाईट नाहीं. ताप न मोजतां वेग वाढविणें वाईट आहे. आणि जें यंत्र आपल्या एकट्याचें नाहीं, त्यावर असा प्रयोग करणें त्याहूनही वाईट आहे. या मतास मी एका अनुभवानें आलों. त्या अनुभवांत माझीही एक चूक आहे. ती मी लपविणार नाहीं.

प्रथम पालकांच्या सोयीसाठीं मूळ गोष्ट सांगतों. प्रोसेसर हा संगणकांतील हिशेबनीस होय. त्याचें सर्व काम एका घड्याळाच्या ठोक्यावर चालतें. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदास ४०० कोटि ठोके. कारखान्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक प्रोसेसर तंतोतंत सारखा नसतो. म्हणून सर्वांस झेपेल असा वेग ठरवून, वर थोडी जागा राखून ठेवण्यांत येते. ती राखीव जागा वापरून घेणें म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. १९९८ सालीं इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००-ए नांवाचा एक स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा नेमलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. परंतु मदरबोर्डावरील मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला कीं तो पुष्कळदां ४५० वर सुखानें चाले. दीडपट वेग, आणि तोही फुकट! या हौसेची कीर्ति जगभर पसरण्यास तो प्रोसेसर मोठें कारण झाला.

आतां ते दिवस राहिले नाहींत, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. हल्लीं कारखानदार स्वतःच ही राखीव जागा वापरून टाकतात. २०२३ सालीं निघालेला कोअर आय-९ १४९००-के हा प्रोसेसर, कोणीं हात न लावतां, प्रसंगीं ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि त्यासाठीं २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. म्हणजे दहीं कारखान्यांतच घुसळून लोणी काढून झालेलें असतें. आपण उरल्या ताकांत रवी फिरवीत बसतों. थोडेंफार लोणी अजून निघतें, नाहीं असें नाहीं. परंतु जी उष्णता वाढते ती थोडीफार नसते.

ती कां वाढते, हें पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमानें कळतें. ठोके जलद पडूं लागले कीं प्रोसेसरांतील सूक्ष्म ट्रान्झिस्टरांस उघडझाप करण्यास वेळ कमी मिळतो. त्यांनीं वेळेंत काम पुरें करावें म्हणून विद्युद्दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावें लागतें. काम करतांना खर्च होणारी शक्ति वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. उदाहरण घ्या. वेग ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठीं दाब १.२५ वरून १.३५ व्होल्ट केला. वेगाची वाढ शेंकडा साडेनऊ झाली. दाबाची वाढ शेंकडा आठ. तिचा वर्ग केला तर शेंकडा सुमारें सतरा. दोहोंचा गुणाकार करा. उष्णता शेंकडा सुमारें अठ्ठावीस वाढली! साडेनऊ मिळविण्यासाठीं अठ्ठावीस मोजावे लागले. जो व्यापारी असा सौदा डोळे मिटून करील, त्याचें दुकान फार दिवस चालणार नाहीं.

शिवाय ही उष्णता किती लहान जागेंत उत्पन्न होते, तेंही पाहावें. विजेच्या इस्त्रीची १००० वॅट उष्णता तिच्या सबंध तळावर पसरते. आणि येथें दोनशेंहून अधिक वॅट अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांतून बाहेर पडूं पाहतात. त्यांना वाट देण्यासाठीं प्रोसेसरवर धातूचा हीटसिंक बसवितात. त्यांतील तांब्याच्या नळ्या आंतून पोकळ असून त्यांत बहुधा थोडेंसें पाणी, कमी दाबाखालीं, बंद केलेलें असतें. गरम टोंकाशीं तें उकळतें, त्याची वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथें पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून परत येते. आपल्या घरांतील माठ पाणी उडवून थंड होतो, तेंच तत्त्व येथें बंद नळींत राबत असतें. अखेर पंखा पात्यांवरील उष्णता हवेंत सोडतो.

"हवेंत सोडतो" हे दोन शब्द मी मुद्दाम सांगितले. हीटसिंक कितीही मोठा असो, पंखे कितीही असोत, अथवा पाण्याच्या नळ्यांचा कूलर असो. प्रोसेसरला ते सभोंवतालच्या हवेपेक्षां थंड करूं शकत नाहींत. हवेच्या तापमानावर कांहीं अंशांची वाढ अटळ असते. चांगलें साधन ती वाढ कमी करतें, इतकेंच. वेगाचे जे विक्रम आपण ऐकतों, ते या मर्यादेबाहेर जाऊन केलेले असतात. २०१४ सालीं एएमडीच्या एफएक्स-८३७० प्रोसेसरनें ८.७ गिगाहर्ट्झ गांठले, ते शून्याखालीं १९६ अंशांवर उकळणारा द्रव नायट्रोजन ओतून. तो कांहीं क्षणांचा चमत्कार होय. रोजचा संसार नव्हे.

आणि येथेंच आपल्या प्रदेशाचा प्रश्न येतो. प्रोसेसरच्या तापमानाविषयीं जे अंक विद्यार्थी वाचतात, त्यांतले पुष्कळसे वीस-बावीस अंशांच्या खोलींत घेतलेले असतात. तेथें ७७ अंश दिसले, तर वाढ पंचावन्न अंशांची झाली. तेंच यंत्र, त्याच वेगानें, आमच्या वर्‍हाडांतील वैशाखाच्या दुपारीं चाळीस अंशांच्या खोलींत चालविलें, तर चाळीस अधिक पंचावन्न, म्हणजे ९५ अंश होतील. अंक परक्याचा आणि ऊन आपलें, असा हा मामला आहे.

आतां तो अनुभव सांगतों. गेल्या एप्रिलांत नववीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील मला भेटण्यास आले. त्यांचें धान्याचें दुकान असून दुकानाचीं सर्व खातीं घरच्या संगणकावर असतात. ते म्हणाले, "सर, पंधरा दिवसांत दोनदां यंत्र मध्येंच गोठलें, आणि दोन्ही वेळां खात्याची फाईल खराब झाली. उधारी कोणाकडे किती, हें आतां मी लोकांनाच विचारायचें काय? पोरगा त्या यंत्राला कांहींतरी करतो. तुम्हीं त्याला चांगली समज द्या." मीं मुलास वर्गांत उभें केलें. वेग ४.२ वरून ४.६ केल्याचें त्यानें कबूल केलें. मग मला अधिक कांहीं ऐकण्याची गरज वाटली नाहीं. सर्व वर्गादेखत मीं त्याची कानउघाडणी केली, व यंत्र पूर्ववत् करण्यास सांगितलें. त्यानें त्याच संध्याकाळीं तसें केलें.

चार दिवसांनीं तो स्टाफरूमच्या दाराशीं येऊन उभा राहिला. हातांत एक शंभर पानी वही होती. "सर," तो म्हणाला, "मी सगळें पहिल्यासारखें केलें. तरी ताप ९१ पर्यंत जातो. जानेवारींत तर वाढविलेल्या वेगावरही ८७ च्या वर गेला नव्हता." वहींत तारीखवार आंकडे लिहिले होते. ज्या मुलास मीं बेपर्वा म्हटलें होतें, त्यानें तीन महिने नोंद ठेविली होती. आणि मी, जो विज्ञान शिकवितों, त्यानें एकही अंक न पाहतां निकाल दिला होता. मला फार ओशाळल्यासारखें झालें.

शनिवारीं प्रयोगशाळेंतील तापमापक घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों. संगणक एका सुरेख लांकडी टेबलाच्या बंद कप्प्यांत होता. धूळ जाऊं नये म्हणून वडिलांनीं सुताराकडून त्यास दार करवून घेतलें होतें, आणि तें नेहमीं लावलेलें असे. खोलीचें तापमान ३८ अंश भरलें. कप्प्यांतील हवेचें ४६. मग ४६ अधिक ४५, म्हणजे ९१ अंश, हा हिशेब सरळ होता. वाढविलेल्या वेगावर पंचेचाळिसांच्या जागीं सत्तावन्न होणार; म्हणजे १०३. त्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची होती. यास्तव यंत्र स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करीत होतें, आणि तशांत मधूनच गोठत होतें. ज्या वेगासाठीं हा सर्व खटाटोप, तोही एप्रिलांत मिळत नव्हता! जानेवारींत खोली बावीस अंशांची होती म्हणून सर्व झांकून गेलें. मुलाच्या वहींत प्रोसेसरचा ताप रोज लिहिलेला होता. खोलीचा ताप मात्र एकाही पानावर नव्हता.

आम्हीं तिघांनीं मिळून यंत्र बाहेर काढलें. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा व कापसाच्या तंतूंचा थर बसला होता; दारानें धूळ अडली नव्हती, हवा मात्र अडली होती. वीज तोडून, पंख्याचीं पातीं बोटानें धरून, मऊ ब्रशानें सर्व साफ केलें. पुन्हा चालवून पाहिलें तों ताप ७८ अंश. तेरा अंश उतरले. आठ कप्प्याचे आणि पांच धुळीचे. खर्च एका पैचाही झाला नाहीं.

या प्रकरणांत चूक तिघांची होती. वडिलांनीं यंत्राचा श्वास कोंडला. मुलानें, ज्या यंत्रावर घराची रोजी अवलंबून होती त्यावर, कोणास न विचारतां प्रयोग केला. आणि मीं मोजण्यापूर्वीं दोष दिला. सोमवारीं त्याच वर्गापुढें मीं माझी चूक कबूल केली. मुलास मात्र मीं दोषमुक्त केलें नाहीं. स्वतःच्या खेळाच्या यंत्रावर प्रयोग करून तें बिघडलें तर आपलें नुकसान होतें. वडिलांच्या खात्यावर प्रयोग केला तर ज्यांची उधारी त्यांत लिहिली आहे त्या सर्वांचें होतें. हा भेद त्यास समजला, असें त्याच्या चेहर्‍यावरून दिसलें.

कित्येक विद्यार्थी म्हणतील कीं, आतांचे प्रोसेसर जळत नाहींत, मग भीति कसली? हें अर्धें खरें आहे. २००१ सालीं एका प्रसिद्ध परीक्षणांत चालत्या प्रोसेसरांवरील हीटसिंक मुद्दाम काढून घेण्यांत आले. तेव्हां एएमडीचा अ‍ॅथलॉन क्षणांत जळून गेला, आणि इंटेलचा पेंटियम ४ मंद होऊन वांचला. आज असें संरक्षण सर्वच नव्या प्रोसेसरांत असतें. परंतु तें जळण्यापासून वांचवितें. चुकीच्या उत्तरापासून वांचवीत नाहीं. ट्रान्झिस्टरचें काम वेळेंत पुरें झालें नाहीं तर एखादा अंक चुकतो, आणि यंत्र न गोठतां तो तसाच लिहून ठेवतें. बंद पडलेलें यंत्र निदान प्रामाणिक तरी असतें. खोटें उत्तर देऊन चालत राहणारें यंत्र अधिक घातक होय.

शिवाय झीज आहेच. प्रोसेसरच्या आंतील तारा अतिसूक्ष्म असतात. त्यांतून जोराचा प्रवाह वाहूं लागला कीं धातूचे अणु हळू हळू जागा सोडतात, आणि उष्णतेनें हें काम जलद होतें. जे. आर. ब्लॅक यांनीं १९६९ सालीं या झिजेचें समीकरण मांडलें. आणि दोष केवळ उष्णतेचाच नसतो. २०२४ सालीं इंटेलला जाहीर करावें लागलें कीं, आपल्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांस मायक्रोकोडच्या दोषामुळें गरजेहून अधिक विद्युद्दाब मिळत होता, आणि त्यानें ते अस्थिर होत होते. कंपनीनें दुरुस्ती पाठविली व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. मात्र झालेली झीज दुरुस्तीनें भरून येत नाहीं. खुद्द कारखानदाराच्या हातून दाबाच्या बाबतींत असें घडतें, तर आपण तो हात सैल सोडून वाढवावा काय?

तेव्हां ज्यास हा प्रयोग करावयाचाच आहे, त्यानें तो रीतीनें करावा. पहिली गोष्ट, आपला प्रोसेसर व मदरबोर्ड यांस याची मुभा आहे कीं नाहीं हें पाहावें; सर्वांना ती नसते. नंतर कशासही हात न लावतां तीन अंक लिहावे : खोलीचें तापमान, यंत्र स्वस्थ असतांचें तापमान, आणि अर्धा तास पूर्ण कामास जुंपल्यावरचें तापमान. मग फुकटचे उपाय आधीं करावे. यंत्र मोकळ्या जागीं ठेवावें, धूळ काढावी, पुढचा पंखा हवा आंत घेतो व मागचा बाहेर टाकतो याची खात्री करावी. पाण्याच्या घरगुती कूलरचा झोत मात्र थेट यंत्रावर घेऊं नये. त्या हवेंत दमटपणा असतो. त्यानंतर थर्मल पेस्ट. प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधील सूक्ष्म फटींत हवा राहते आणि हवा उष्णतेस वाट देत नाहीं; ती फट भरण्यापुरती, वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. अधिक लेपल्यानें अधिक गुण येत नाहीं. एवढ्यानें भागलें नाहीं तरच मोठ्या कूलरवर पैसा खर्चावा.

वेग वाढवितांना एका वेळीं एकच पायरी, ०.१ गिगाहर्ट्झची, चढावी. आणि विद्युद्दाबास अगदीं शेवटीं हात लावावा. प्रत्येक पायरीवर केवळ "चालतें" एवढ्यावर संतोष मानूं नये. उत्तरें बरोबर येतात काय, तें तपासावें. प्राइम-९५ हें साधन त्यासाठीं उत्तम आहे. मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधार्थ १९९६ पासून जगांतील हौशी लोक तें चालवीत आले आहेत. तें प्रोसेसरकडून अवजड गणितें करवून घेतें, आणि उत्तर ठाऊक असलेल्या उत्तराशीं ताडून पाहतें. एक जरी चूक निघाली तरी एक पायरी खालीं यावें. आणि हिवाळ्यांत हा प्रयोग करणारानें आपल्या अंकांत वीस अंश मिळवावे. ती बेरीज मर्यादेच्या निदान दहा अंश खालीं राहत असेल, तरच ती गति आपली समजावी. ऊंस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊं नये.

खरें विचाराल तर मला याच्या उलट कलेचें अधिक कौतुक वाटतें. तोच वेग कमी विद्युद्दाबांत मिळवितां येतो काय, हें शोधण्यासही तितकीच चिकाटी लागते. त्या मुलानें पुढें तेंच केलें. नेमलेल्या ४.२ च्या वेगावरच त्यानें दाब १.२५ वरून थोडा थोडा उतरवीत १.१८ व्होल्टपर्यंत आणला, आणि प्रत्येक पायरीवर उत्तरें तपासलीं. वर्गाच्या नियमानें हिशेब करा : उष्णता शेंकडा अकरा कमी झाली. त्याच्या यंत्राचा ताप आणखी चार अंशांनीं उतरला, पंख्याचा आवाज मंदावला, आणि वेगांत कांहीं उणें झालें नाहीं. या खेपेस प्रयोगापूर्वीं त्यानें वडिलांस विचारलें होतें, आणि खात्याची प्रत दुसरीकडे उतरवून ठेविली होती.

पालकांस माझी विनंति इतकीच. मुलगा अथवा मुलगी यंत्र उघडून बसली तर एकदम रागें भरूं नका. ओव्हरक्लॉकिंगनें झालेली हानि साधारणपणें हमींत बसत नाहीं, हें त्यांस आधीं सांगा. घरचें कोणाचें काम त्या यंत्रावर आहे, तेंही सांगा. मग त्यांची वही पाहावयास मागा. वही नसेल तर प्रयोग थांबवा. वही असेल तर शेजारीं बसून वाचा. तुम्हांस त्यांतील प्रत्येक शब्द कळला नाहीं तरी चालेल; तारीख, खोलीचा ताप, यंत्राचा ताप हे तीन रकाने कोणासही कळतात.

विद्यार्थिमित्रहो, त्या वहीच्या प्रत्येक पानावर आतां एक नवा रकाना आहे. त्याच्या शिरावर "खोली" असें लिहिलें आहे. हा रकाना आपण कोणीच आधीं आंखला नव्हता. मुलानेंही नाहीं आणि त्याच्या शिक्षकानेंही नाहीं. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत तुमच्यापैकीं जो कोणी आपल्या यंत्राचा वेग वाढविण्यास बसेल, त्यानें प्रथम तो रकाना आंखावा, आणि शाळा उघडल्यावर वही मला आणून दाखवावी. मी ती पूर्ण वाचल्याखेरीज कांहींएक बोलणार नाहीं, हें वचन देतों.